धाकटीचे प्रकरण

ताटातले निरांजन पेटलेले होते. पाटावर बसलेल्या महिपतीसरांनी टोपी उगाच सारखी केली. समोर ताट धरून त्यांची धाकटी बहीण कुशाबाई उभी. कुंकवात बुडवलेले तिचे बोट वाटेतच थांबले होते.

घटकेपूर्वी हीच कुशाबाई दारात हसत होती. “लई उशीर केलास, दादा. आता भाऊ नसल्यावानी चंद्रालाच ओवाळनार हुते!” मग कुशाबाईच्या सुनेने, मोनाने, कौतुकाने मोबाईल पुढे धरला. “आत्याबाई, मामांचं भाषण बघा.”

भाषणात सरांच्या पुस्तकातले प्रकरण होते. दुष्काळातल्या त्यांच्या बालपणाची सत्यकहाणी. धाकटी तापाने फणफणते आणि पहाटे भावाच्या मांडीवर प्राण सोडते. सभागृह रडत होते.

“दादा, त्या तापात मी मेले व्हय रे?”

सर हसले, व्यासपीठावर हसत, तसे. “अगं, लिहिताना थोडं इकडंतिकडं होतं. लोकांना शेवट लागतो, कुशे.”

“मग मी मेल्यावर तुझ्या बोर्डिंगचा डबा रोज यष्टीत कोन ठेवत हुतं?”

मोना फिसकन हसली आणि तिने लगेच मोबाईल मागे घेतला.

“त्या डब्यापायी माझी शाळा सुटली. ती कुठं लिवलीस न्हाय.”

सरांना ते प्रकरण तोंडपाठ होते. कुठे थांबायचे, कुठे आवाज ओला करायचा, सारे ठरलेले. त्यात डब्याला कधीच जागा नव्हती. जिवंत बहिणीसाठी कुणी रडत नाही, हे त्यांना फार पूर्वीच उमगले होते.

“उद्या बारामतीला तुझं भाषण हाय न्हवं? मला ने. मी काय बोलायची न्हाय. नुसती म्होरल्या खुर्चीत बसते. तू येवढंच म्हन, ही माझी बहीन, हिच्यामुळं शिकलो.”

“उद्या नको गं.” सरांचा आवाज खाली आला. “उद्या पुरस्कार आहे. त्याच प्रकरणासाठी. पुढं कधीतरी नेतो.”

कुशाबाईने बोट पदराला पुसले. जुनेरावर तांबडी रेघ उमटली.

सरांनी मान थोडी पुढे केली. “ओवाळ ना. ज्योत विझेल.”

ज्योतीला तळव्याचा आडोसा धरून ती पाटाला वळसा घालून निघाली.

“कुशे? सणाच्या दिवशी असं करतात का?”

ती उंबरा ओलांडून अंगणात गेली होती. उसाच्या शेंड्यांवर बीजेची कोर टेकली होती. तिने डोक्यावर पदर घेतला आणि ताट वर उचलले.