अजून वर धर

कॅमेऱ्याचं भिंग सरळ रेघसुद्धा थोडी वाकडी दाखवतं. ती किती वाकली ते शोधून काढणं, हेच त्या तरुणाचं काम. तेवढं जमलं की नुसत्या फोटोवरून समोरची वस्तू किती लांब आहे ते सांगता येतं. त्यासाठी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची एक फळी कुणीतरी कॅमेऱ्यासमोर धरायची, कधी जवळून, कधी तिरकी, आणि ह्याने फोटो काढत सुटायचं. घरात हाताशी सापडणारं माणूस एकच, आई.

फोटो म्हटलं की आई केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून यायची. त्याचं डोकंच फिरायचं. "अगं, तुझा नाही, फळीचा फोटो काढतोय. वरून डोकावू नकोस. फळी वर धर. अजून वर."

"एखादा माझाही काढ की रे," ती एकदा म्हणाली.

"काढू गं. कुठे पळून चाललीयेस?"

आई गेली, अगदी ध्यानीमनी नसताना. भिंतीवर लावायला ताईने तिचा अलीकडचा फोटो मागितला.

"ढिगाने आहेत माझ्याकडे," म्हणत त्याने लॅपटॉप उघडला. आई कॅमेऱ्यापासून किती लांब उभी होती, ते कुठल्याही फोटोवरून त्याला केसभरही न चुकता सांगता आलं असतं.



प्रत्येक फोटोत फळी त्याने सांगितली होती तशीच, थेट चेहऱ्यासमोर होती, आणि तिच्या दोन्ही कडांना आईची बोटं तेवढी दिसत होती.