आवाजच नाही ना, बाबा

"पाव्हण्याइचे तोंडं हालून राहिले, पन आवाज नाही," उमराव म्हणाला. "हे काऊन असं?"

"नवी सिस्टम टाकली की होते असं कधी कधी," रुचिका स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. विंडोज तिनेच काल टाकलं होतं. गोंदियात कॉम्प्युटरचा कोर्स केलेली पोरगी. कामठ्यात कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की तिलाच बोलावणं यायचं.

स्क्रीनवर नागऱ्याचे पाहुणे बसले होते. मुलगा प्रफुल, त्याचे वडील आणि आई गीताबाई. आईवडील मुलाकडे पुण्याला गेलेले, म्हणून पोरगी पाहणं कॅमेऱ्यावर. फोनवरही उरकलं असतं, पण फोनच्या चौकटीत उमरावचं नवं कपाट मावत नव्हतं. पाहुण्यांनी पोरगी पाहायची तर मागचं सामानही पाहावं, असा त्याचा हिशोब.

"त्याइले तरी आयकू येते का आपलं?" त्याने विचारलं.

"आवाजच नाही ना, बाबा."

प्रफुलच्या वडिलांनी कानाकडे बोट नेलं आणि विचारल्यासारखा हात हलवला. उमरावनेही कानाकडे बोट नेऊन हात हलवला. दोन्हीकडे सारखंच दुखणं. तेवढाच जिवाला आधार.

"बंद करून चालू कर ना."

"बंद केलं तं पाव्हणेच जातीन."

तिने सेटिंग उघडली, ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला. स्पीकरच्या चित्रावरची लाल फुली जागची हलली नाही. शेजारच्या माइकच्या चित्रावर फुली नव्हती. रुचिकाचा उजवा हात माउसवर होता. डावा हात खाली, टेबलामागच्या वायरींत काहीतरी चाचपत होता.

जमुनाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. कुणाला दाखवायचा तो ट्रे, हे तिलाही कळेना.

"आवाज नाही तोवर एक बोलतो," ती नवऱ्याला म्हणाली. "मिरगीचं सांगून टाका त्याइले. पोरीचं बी तेच म्हणनं आहे."

उमरावने कॅमेऱ्याकडे पाहून हसू टिकवलं आणि हसत हसतच म्हणाला, "सालेकशाच्या पाव्हण्याइले सांगतलं होतं ना? चहा अर्धा टाकून गेले."

"पन दोन वरसात एक झटका नाही आला तिले."

"मंग? बरी झाली पोरगी. कायले सांगाचं?"

"गोळी तं चालूच आहे. लगन झाल्यावर कुठं लपवन?"

"आता कुठं लपवली तुनं?"

"तांदळाच्या डब्यात."

"तिथं बी तांदळाचा डबा असनच. एकदा साक्षगंध होऊ दे, मंग पाहू." हसू अजून शाबूत होतं, घाम मात्र कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. "मी काई कसाई नाही, रुचिकाची माय. सालेकशाचे लोक उठून गेले तवा पोरीचं तोंड पाहिलं मी. आखीन एकदा नाही पाहावनार मले."

जमुनाबाईने ट्रे खाली ठेवला. रुचिकाचा माउस थांबला होता.

स्क्रीनवर गीताबाई अगदी पुढे झुकल्या होत्या. प्रफुलचे वडील आता हात हलवत नव्हते, नुसते बसून होते. बिचारे कंटाळले, असं उमरावला वाटलं. आता उठतील आणि हेही स्थळ जाईल, तेही एका यंत्रापायी.

"होते का नाही, बेटा? लोक उठतीन ना."

"झालं तुमचं बोलून?" रुचिकाने विचारलं.

"झालं."

"मग लावते."

टेबलामागे पिन बसल्याचा बारीक 'टक' आवाज झाला. लाल फुली गेली. रुचिकाने डावा हात वर घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ती सरळ बसली.

"गोळ्या तांदळात नोको ठेवत जाऊ, बाई, सर्द होतात," स्पीकरमधून गीताबाई म्हणाल्या. "आमच्या घरी त्याइले कपाट आहे."