सुरुवात इकडूनच

गावातली आशा सेविका रुखमिणी विमलाबाईच्या दारात आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. तोंडाला रुमाल, हातात कागद. कोरोना तालुक्यात शिरला होता, आणि साखरेचा आजार असलेल्यांना जास्त जपा, असं वरून कळवलं होतं. विमलाबाईला अकरा वर्षांपासून शुगर होती. रुखमिणीने कागदावरचं वाचून दाखवलं. घराबाहेर पडायचं नाही. वेगळ्या खोलीत राहायचं. ताट वेगळं, गिलास वेगळा. माठाला हात लावायचा नाही, पाणी दुसऱ्याने दुरून द्यायचं. गोळ्या ती स्वतः घरी आणून देणार होती.

विमलाबाईने सगळं ऐकून घेतलं. ती अडुसष्ट वर्षांची होती. वेगळं ताट, माठाला हात नाही, दुरून पाणी, हे शब्द ती पहिल्यांदा ऐकत नव्हती.

"हा नियम साऱ्या गावाले हाय, का आमच्याच मोहल्ल्याले?"

"ज्यायले शुगर हाय त्या साऱ्यायले, आजी."

"जानकीबाईलेबी?"

जानकीबाई म्हणजे चौकातल्या किराणा दुकानवाल्यांची म्हातारी. तिलाही शुगर. महिन्याच्या तपासणीला दोघी सिहोऱ्याच्या दवाखान्यात एकाच बाकावर बसत.

तिलाही हाच नियम, असं रुखमिणी म्हणाली. पण तिच्या घरी जाऊन सांगितलंस का, असं विचारल्यावर ती कागद चाळू लागली. अजून गेली नव्हती. सुरुवात इकडून केली होती.

"इकडूनच काहून?"

रुखमिणीचं घर विमलाबाईच्या बौद्ध मोहल्ल्याला लागून होतं, तिला इकडून जवळ पडत होतं. तिने तसं सांगितलं. विमलाबाईने मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं.

सून रुचिता मात्र भ्याली होती. तिचा नवरा धर्मेंद्र रोज राईस मिलवर चार लोकांत जात होता. रोग घरात आलाच तर त्याच्याच अंगावरून येणार होता. तिने त्याच दुपारी एक ताट आणि गिलास बाजूला काढला, खालून नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि मागच्या खोलीच्या दाराशी जेवण वाढून ठेवलं. विमलाबाईने ताट होतं तसं परत सरकवलं. ह्या ताटात मी जेवत नाही, म्हणाली. संध्याकाळी धर्मेंद्रने समजावून पाहिलं. तुझ्याच भल्यासाठी आहे, असं तो म्हणाला. तेव्हा ती म्हणाली की असं करणारे सगळे भल्यासाठीच म्हणतात.

दोन दिवस तिने चहा आणि मुरमुऱ्यांवर काढले. गोळ्या मात्र वेळेवर घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, समोरची रुचिता तिला ओळखू येईना. रुचिताने अंतर-बिंतर सोडून तिला मांडीवर घेतलं आणि साखरेचं पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने विमलाबाईच्या नजरेत ओळख आली. तिने पहिली गोष्ट विचारली ती हीच, की रुखमिणी चौकात गेली का.

रुचिता रडू लागली. म्हणाली, "मले कसं मालूम असन, आई? मी तं घराबाहेर पाय नाही टाकला."

दुसऱ्या दिवशी विमलाबाई स्वतःच निघाली. पदर नाकावरून घट्ट ओढला होता. चौकात पोहोचेपर्यंत तिला दोनदा थांबावं लागलं.

दुकान बंद होतं. बाजूच्या ओसरीत जानकीबाई खाटेवर एकटीच बसली होती. विमलाबाई रस्त्याच्या पलीकडे विजेच्या खांबाला टेकून उभी राहिली. आतून जानकीबाईची सून आली. तिने ताट फरशीवर ठेवलं, गडव्याचा काठ गिलासाला लागणार नाही अशा बेताने वरून पाणी ओतलं आणि सासूकडे न पाहता आत गेली.

विमलाबाई रस्ता ओलांडून पायरीपासून चार हात दूर थांबली.

"विमले, तू कायले आली वं?" जानकीबाईने विचारलं.

रुखमिणी येऊन गेली का, ते पाहायला आल्याचं विमलाबाईने सांगितलं. परवा येऊन गेली, असं जानकीबाई म्हणाली. मग तिने दाराकडे बोट केलं. "नात दारातूनच पायते अन् पळून जाते. कोनी हात लावून नाही राहिलं. असं किती दिवस रावं मानसानं?"

"माह्या मायनं जलमभर काढले, बाई. तुमच्याच आंगनात."

जानकीबाईने मान खाली घातली. ताटातल्या भातावर माशी येऊन बसली, ती तिने हाकलली नाही.

कोण आहे बाहेर, असं सुनेने आतून विचारलं.

जानकीबाईने मान वर केली. मग म्हणाली, "विमलाबाई आल्या हायेत. खुर्ची दे त्यायले."

सून खुर्ची घेऊन दारात आली आणि कुठे ठेवायची ते न कळून तशीच उभी राहिली. शेवटी तिने ती रस्त्याच्या कडेला ठेवली आणि मागे सरली. विमलाबाईने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग बराच वेळ जानकीबाईकडे.

"राहू द्या," ती म्हणाली. "घरी माहंबी वेगळं ताट वाढून हाय."