गिअरबॉक्स बसेपर्यंत

नातीला बघायला येणारे पाहुणे सांगितलेल्या वेळेच्या आधीच आले. तेव्हा वैजू अंगणात जीपखाली उताणी पडून क्लच बदलून झाल्यावर उतरवलेला गिअरबॉक्स पुन्हा वर चढवत होती. मी म्हातारा टेकू धरून बसलो होतो.

“हीच का मुलगी?” मुलाच्या आईने बाहेर आलेल्या तळपायांकडे बघत विचारलं.

“हीच. पण आत्ता सोडता येत नाही,” खालून वैजू म्हणाली. “कुणीतरी जोर द्या. आजोबांच्यानं होत नाही.”

मुलगा बाह्या सरसावून मुकाट्याने खाली शिरला. “अरे, नवा शर्ट!” आई ओरडली. खालून नुसतं ऐकू येत राहिलं, “डावीकडे घ्या. अहो, तुमचं डावं नाही, माझं डावं!” शेवटी गिअरबॉक्स बसला.

मग पोहे झाले, चहा झाला. निघताना त्याचे मामा म्हणाले, “विचार करून कळवतो.” वैजूच्या आईचा चेहराच उतरला. असं म्हणून गेलेल्या कुणीच आजवर कळवलं नव्हतं.

तेवढ्यात अंगणातल्या कट्ट्यावर क्लचचं नवं बेअरिंग दिसलं. गडबडीत ते आत बसवायचंच राहिलं होतं. वैजूने कपाळाला हात लावला. “आता सगळं परत उतरवायचं!”

“उद्या सकाळी येतो मी,” मुलगा पटकन म्हणाला.

मी त्याला बाजूला घेतलं. “मघाशी तुला दिसलं नव्हतं का रे ते?”

“दिसलं होतं, आजोबा. पण तेव्हाच बोललो असतो, तर उद्या यायला निमित्त कुठलं मिळालं असतं?”