आबांची गोळी

आबांना मोरीत गोळी थुंकताना पाहून शरयू दारातच थबकली.

खुनी हल्ल्याबद्दल शिक्षा झालेल्यांना आता रागावरचं औषध देऊन घरी सोडत. रोज गोळी घ्यायची की वर्षातून एकदा इंजेक्शन, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. आबांनी गोळी निवडली होती. "रोज सकाळी माझं मी ठरवेन," ते म्हणाले होते, आणि त्यांच्या मुलीला, शरयूलाही, ते पटलं होतं.

"आबा, कधीपासून थुंकताय?" तिने हळूच विचारलं.

आबांनी लाकडी पाट उचलला आणि तिच्या खांद्यात घातला. ती कोसळली, तसं तिचे केस धरून त्यांनी डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. रक्त डोळ्यांत उतरलं. अशाच प्रसंगासाठी सरकारने घरच्यांना दिलेलं इंजेक्शन खालच्या फळीवर होतं. चाचपडत तिने ते ओढलं आणि त्यांच्या मांडीत खुपसलं.

थोड्या वेळाने आबांची मूठ सैल झाली. ते तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी सदऱ्याची बाही तिच्या जखमेवर दाबून धरली.

"चुकलो गं," ते म्हणाले. "हे मी म्हणतोय की औषध, तेच मला कळत नाही."

शरयूने डोळे मिटले.

"औषध म्हणत असलं तरी चालेल," ती म्हणाली आणि तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.