बुधल्यातलं लोणचं

शामकलाबाईंनी बुधल्याच्या तोंडावरचं फडकं सोडलं, आत वाकून पाहिलं आणि तिथेच मटकन बसल्या. जुन्या लिंबाच्या काळ्याभोर लोणच्यावर पांढरी बुरशी चढली होती.

"नासला वो," त्या म्हणाल्या. "सारा लोनचा नासला."

दारात त्यांचा मुलगा प्रफुल उभा होता.

आतल्या खोलीत त्याची बहीण गुंजन पडून होती. पोटुशी होऊन माहेरी आली होती आणि पाण्याचा घोटही तिच्या पोटात ठरत नव्हता. मुर्री गावात कुणाच्या तोंडाची चव गेली, कुणाला कोरड्या उलट्या लागल्या, की लोक वाटी घेऊन याच घरी येत. आज घरच्याच लेकीला त्या लोणच्याची गरज पडली होती.

बुधला होताही देखणा. चिनी मातीचा, एका कानाचा, वर तपकिरी, खाली पिवळट, आणि बुडाशी इंग्रजी अक्षरांचा पुसट शिक्का. तो शिक्का दिसल्यापासून प्रफुलला दुसरं काही सुचत नव्हतं. फोनवर तसलेच बुधले शोधत बसायचा. शोधता शोधता नागपूरचे हेमेंद्र सापडले, जुन्या वस्तूंचे व्यापारी. बुधला घरात कधी आला, कुणी आणला, असं त्यांनी विचारलं. प्रफुलने लाडीगोडी लावून आईकडून सगळं काढून घेतलं. पोराला घरच्या जुन्या गोष्टींची आवड लागली म्हणून माउली हरखली. आजेसासऱ्यांना हा बुधला रेल्वेच्या गोऱ्या साहेबाने दिला होता. सासूने त्यात पहिली लिंबं घातली. तेव्हापासून दरसाल जुन्यातच नवी लिंबं मुरत आली, बुधला कधी रिकामा म्हणून झाला नाही. प्रफुलने हेमेंद्रना फक्त साहेबाचं तेवढं कळवलं.

"माल शंभरीच्या पलीकडचा दिसतो," त्यांचं उत्तर आलं. "आतून तडा नसेल तर चांगली किंमत येईल. आतले फोटो पाठवा."

पंधरा दिवसांपूर्वी आई नवेगाव बांध गावी लग्नाला गेली, त्या दुपारी प्रफुलने लोणचं मोठ्या पातेल्यात ओतलं. बुधला साबणाने खळबळून धुतला, बॅटरीच्या उजेडात फोटो काढले, काडीला गमछा गुंडाळून आतून जेमतेम पुसला आणि लोणचं परत भरून टाकलं. लोणच्याला पाण्याचा थेंब चालत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यालाही कळत होतं. पण तेव्हा त्याला फक्त तडा आहे की नाही तेवढंच बघायचं होतं. तडा नव्हता.

"दुर्गेश्वरी!" शामकलाबाईंनी सुनेला हाक मारली.

दुर्गेश्वरी पदराला हात पुसत आली. बुधल्याकडे बघून तिचाही चेहरा उतरला.

"खरा सांग. पाळीत बाहेरची असताना याले हात लावली का तू?"

"नाही जी."

"मंग का आपोआप नासला? माह्या सासूच्या हातचे लिंबू होते त्यात. इतके साल काई झाला नाही, अन् आताच काऊन?"

दुर्गेश्वरीने नवऱ्याकडे पाहिलं.

मी धुतला, एवढंच प्रफुलला म्हणायचं होतं. पण कायले धुतला, असं आई विचारणारच. मग फोटो निघतील, मग हेमेंद्र, आणि आईने प्रेमाने सांगितलेल्या गोष्टीचं आपण काय केलं तेही निघेल. गुंजनला जरा बरं वाटू दे, मग सांगू. संध्याकाळी सांगू. त्याला स्वतःचीच किळस आली, तरी तोंड काही उघडेना.

"बोल ना वो!" शामकलाबाई कडाडल्या. "घरात पोटुशी पोरगी हाय. तिच्या तोंडचा घास गेला!"

"लागला असंन हात, आई," दुर्गेश्वरी खाली बघत म्हणाली. "ध्यानात नाही राहिला."

शामकलाबाईंचा राग एकदम ओसरला आणि त्यांना रडू फुटलं. "यापुढे लोनच्या-पापडाच्या खोलीत पाय नोको ठेवू तू," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "गावातल्या बाया विचारतीन, त मी लपवणार नाही. जे झाला तेच सांगीन." आणि त्या गुंजनकडे आत गेल्या.

दुर्गेश्वरीने बुधला उचलला आणि ती परसातल्या खताच्या खड्ड्याकडे निघाली. प्रफुल तिच्या मागोमाग गेला.

"दे, मी ओततो."

तिने दिला नाही.

"तू कायले आपल्या अंगावर घेतली?" त्याने हळूच विचारलं.

"आई लग्नाले गेली त्या दिवशी मोरीत लोनच्याचा खार सांडला होता," ती म्हणाली. "मोरी मीच धुतली."

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

"मंग तिथंच बोलली काऊन नाही?"

"तुमी बोलान म्हनून वाट पाहून राहिली होती," दुर्गेश्वरी म्हणाली, आणि बुधला त्याच्या हातात दिला.