तिसरा थर

"फ्रीझरचं दार लागलेलं नाही," मावशी मागे न वळताच म्हणाल्या.

नवी मदतनीस दचकली. दार खरंच बोटभर उघडं राहिलं होतं. तिने ते दाबून बंद केलं.

"न बघता कसं कळलं?"

"सव्वीस वर्षं ऐकतेय. दार उघडं असलं की त्याची घरघर वाढते."

एक, असं मावशींनी मनात मोजलं.

उद्या दुपारी दीडशे माणसांची मेजवानी होती, ऐन उन्हाळ्यात, बागेत. सरबताच्या प्रत्येक ग्लासात तीन रंगांचे बर्फाचे क्यूब हवे होते. खाली कलिंगडाचा लाल, मध्ये आंब्याचा पिवळा, वर हिरवा. एकेक थर गोठायला दोन तास. आजचा अख्खा दिवस त्यातच जाणार होता.

आणि आजच मावशींना या नवीची पारख करायची होती.

महिन्यापूर्वी मावशी पाकाखालचा गॅस तसाच ठेवून घरी गेल्या होत्या. पातेल्याचा कोळसा झाला. पुढच्या आठवड्यात एका ऑर्डरची तारीखच डोक्यातून निसटली. "एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ," मालक म्हणाले. "मला काय वेड लागलंय?" असं म्हणून मावशी फणकारल्या. मालक शाळेत जात होते तेव्हापासून मावशी त्यांना अरे-तुरे करत, त्यामुळे विषय तिथेच मिटला. मग काल ते म्हणाले, "उद्या एकजण येणार आहे. दिवसभर हाताखाली घ्या. संध्याकाळी तुमचं मत सांगा."

मावशींना काय समजायचं ते समजलं. आपली जागा कोणाला द्यायची, हे आपल्यालाच विचारतायत.

नवी पस्तिशीची होती. चष्मा, करकरीत कोरा ॲप्रन, खिशात छोटी वही. मधूनमधून काहीतरी लिहायची. बोलायची मात्र गोड. काल काय बनवलंत, परवा किती माणसं होती, घरी कोण कोण असतं. मावशी उत्तरं देत होत्या आणि डोळ्यांत तेल घालून तिच्या हातांकडे बघत होत्या.

दीड तासातच तिने आंब्याचा रस ओतायला घेतला.

"थांब. बोट लावून बघ."

लाल थर मधोमध अजून लिबलिबीत होता.

"दोन रंग एकमेकांत गेले की त्याला थर म्हणत नाहीत, चिखल म्हणतात," मावशी म्हणाल्या. "बर्फाला घाई चालत नाही."

नवी हसली. दोन.

दुपारी मावशी डबा उघडून बसल्या. पहिला घास तोंडाशी नेला आणि तशाच उठल्या. पाक खाली उतरवलेला होता, पण शेगडी जळत होती. त्यांनी बटण फिरवलं. याच चुकीवरून दुसरीला नावं ठेवायला त्यांची जीभ रेटेना. नवी दारात उभी राहून बघत होती. तिने वही काढली.

तीन.

साडेचारला त्या ग्लास धुवून आत आल्या, तर आठही ट्रेमध्ये हिरवा रस ओतून झाला होता. ओट्यावर किवीच्या सालींचा ढीग.

मावशींनी एक साल उचलून बघितली.

"किवी कशाला घेतलीस?"

"कागदावर तेच लिहिलंय."

तिने ऑर्डरचा कागद पुढे केला. मालकांचं अक्षर. हिरवा थर, किवी.

"नाही. मंगळवारी मेजवानीवाल्या बाईंचा फोन आला होता, मीच घेतला, मालकांना सांगितलंही. त्यांच्या नातवाला किवी चालत नाही. घसा सुजतो. द्राक्षं घाला म्हणाल्या."

"पण इथे तसं काही नाही, मावशी." नवी शांतपणे म्हणाली. "नक्की फोन आला होता ना?"

महिन्यापूर्वी गॅस बंद केल्याचंही मावशींना असंच नक्की आठवत होतं.

त्यांनी मालकांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली.

आठ ट्रे. दिवसभराची मेहनत. फोन आलाच नसेल, तर संध्याकाळी सगळे म्हणणार, म्हातारीचं डोकं आता कामातून गेलं. मावशींनी ओट्याची कड घट्ट धरली. मंगळवार. मी फोडणी देत होते. त्या बाईंचा आवाज बसलेला होता. मागे कुत्रं भुंकत होतं.

"ओतून टाक सगळं," त्या म्हणाल्या.

"सगळं? खालचे दोन थरसुद्धा?"

"किवी लागलेली असते त्यांना. पोराचा घसा सुजण्यापेक्षा माझी लाज गेलेली बरी. ट्रे गरम पाण्याने धू. कलिंगड मी कापते."

त्यांनी पहिला ट्रे स्वतः मोरीत उलटा केला.

सहाला मालक आले तेव्हा नवा लाल थर गोठायला लागला होता. दोघी त्यांच्या खोलीत गेल्या. मावशी खुर्चीत बसल्या नाहीत.

"बोला मावशी. कशी वाटली?"

"चार चुका केल्या," मावशी म्हणाल्या. "फ्रीझरचं दार उघडं टाकलं. थर गोठायच्या आधीच दुसरा ओतायला निघाली. शेगडी चालू ठेवली. आणि किवी घातली." त्यांनी कमरेची चावी चाचपली. "शेवटची तिची की माझी, ते मला छातीठोक सांगता येत नाही. मला फोन आठवतो, तुला सांगितल्याचंही आठवतं, पण कागदावर नाही. तू तिला ठेव. हात हलका आहे, बोललेलं मनाला लावून घेत नाही. मी स्वयंपाकघराची चावी उद्या देते."

मालकांनी नवीकडे मान वळवली.

"डॉक्टर, तुम्ही मुद्दाम किती चुका केल्या होत्या?"

तिने वही मिटली.

"चार."